पीडीएफ वाचायला एवढा पसारा कशाला?

शाळेचे परिपत्रक, शासन निर्णय, बालभारतीचे पुस्तक, शिष्यवृत्तीचा अर्ज, आधार कार्ड, वीजबिल, रमजानचे वेळापत्रक, लग्नाची पत्रिका. हे सगळे आता पीडीएफ होऊन आपल्या मोबाइलवर येते. पूर्वी कागद आला की डोळे आणि फार तर चष्मा पुरत असे. आता कागद उघडण्यासाठीही एक प्रोग्रॅम लागतो. तो प्रोग्रॅम कोणता असावा, याचा विचार मात्र आपण करत नाही. जो आधी दिसला, ज्याला चार तारे जास्त होते, दुकानदाराने जो टाकून दिला, तो आपला.

माझे म्हणणे सरळ आहे. ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि ज्या शाळेत दहा वर्षांपूर्वीचे संगणक आहेत, तिथे पीडीएफ वाचक हलका, फुकट आणि भरवशाचा असणे ही चैन नाही, गरज आहे. आणि असे वाचक आहेत. ते आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, कारण त्यांची जाहिरात करायला कोणी नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मी पुस्तकाची पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकते. "टीचर, अम्मीच्या मोबाइलमध्ये जागाच नाही," हे वाक्य मला दर वर्षी ऐकू येते. एका मुलीचा मोबाइल मी उघडून पाहिला. त्यात पीडीएफ उघडणारी तीन ॲप होती. एकाने प्रत्येक फाइलआधी जाहिरात दाखवायची, दुसऱ्याने तीन दिवसांनी पैसे मागायचे, तिसऱ्याने संपर्कयादीची परवानगी मागायची. पुस्तक वाचण्यासाठी संपर्कयादी कशाला हवी? कादरभाईच्या दुकानातून वही घेताना कधी तो आपल्याला नातेवाइकांचे नंबर विचारतो का?

पीडीएफ कोणाची?

थोडा इतिहास सांगते, कारण त्यातच आपल्या निवडीचे कारण आहे. पीडीएफ हा प्रकार अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणला. कल्पना कंपनीचे एक संस्थापक जॉन वॉरनॉक यांची. एका संगणकावर जसा कागद दिसतो तसाच तो दुसऱ्या कोणत्याही संगणकावर दिसावा आणि छापलाही जावा, एवढे साधे उद्दिष्ट होते. गंमत म्हणजे सुरुवातीला पीडीएफ वाचण्याचा प्रोग्रॅमही विकत घ्यावा लागे. मग कंपनीच्या लक्षात आले की वाचणारेच नसतील तर लिहिणाऱ्याला कोण विचारणार, आणि वाचक फुकट झाला.

खरा बदल २००८ मध्ये झाला. त्या वर्षी पीडीएफ हे आयएसओचे मानक बनले, क्रमांक ३२०००. म्हणजे फाइलची रचना कशी असते, हे सगळ्या जगासमोर लिहून ठेवले गेले. तेव्हापासून पीडीएफ एका कंपनीची राहिली नाही. ज्याला येते त्याने वाचक बनवावा. तरीही "पीडीएफ म्हणजे अडोबी" हे समीकरण आपल्या डोक्यातून गेलेले नाही. सरकारी संकेतस्थळांवर अजूनही "ही फाइल पाहण्यासाठी अमुक कंपनीचा रीडर उतरवून घ्या" अशी सूचना आढळते. युरोपात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप या संस्थेने याच सवयीविरुद्ध मोहीम चालवली. त्यांचे म्हणणे असे, की रस्ता सार्वजनिक असेल तर "या रस्त्यावर फक्त अमुक कंपनीचीच गाडी चालवा" अशी पाटी सरकारने का लावावी? अनेक संस्थांनी त्यानंतर आपली सूचना बदलली. आपल्याकडे हा प्रश्न कोणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

हलका म्हणजे नेमके काय?

हलका वाचक म्हणजे नुसती लहान फाइल नव्हे. मी पाच गोष्टी पाहते. उतरवायला आणि ठेवायला किती जागा लागते. जुन्या संगणकावर तो किती पटकन उघडतो. इंटरनेट नसताना चालतो का. खाते, ईमेल, जाहिरात यांचा आग्रह धरतो का. आणि काल जिथे वाचणे थांबले होते, त्याच पानावर आज उघडतो का. शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण तीनशे पानांचे पुस्तक पडद्यावर वाचणाऱ्याला तिची किंमत कळते.

विंडोजवर या पाचही कसोट्यांवर उतरणारा माझ्या माहितीतला वाचक म्हणजे सुमात्रा पीडीएफ. क्षिश्तोफ कोवाल्चिक या प्रोग्रॅमरने तो २००६ मध्ये सुरू केला आणि आजही तो चालू आहे. उतरवायला दहा-पंधरा एमबीच्या घरात. मोठ्या कंपन्यांचे वाचक शेकडो एमबीचे असतात, हे लक्षात घ्या. त्याची एक प्रत अशीही मिळते जी बसवावी लागत नाही. पेनड्राइव्हवर ठेवायची, कोणत्याही संगणकाला लावायची, दोनदा टिचकी मारायची आणि वाचायला बसायचे. शाळेच्या संगणकावर काही बसवायचे तर पासवर्ड लागतो आणि पासवर्ड ठाऊक असलेले सर बदली होऊन गेलेले असतात. तिथे ही सोय फार कामाची आहे. पीडीएफशिवाय ईपब, मोबी, डीजेव्हीयू अशा प्रकारची पुस्तकेही तो उघडतो. शाळेत विंडोज एक्सपीवरचा जुना संगणक धूळ खात पडला असेल, तर त्याच्यासाठीही सुमात्राची जुनी आवृत्ती त्यांच्या संकेतस्थळावर ठेवलेली आहे. असा संगणक इंटरनेटला न जोडता वाचनापुरता वापरता येतो.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पीडीएफमधला अर्ज भरायचा असेल, चौकटीत नाव-गाव लिहायचे असेल, तर सुमात्रा उपयोगाचा नाही. डिजिटल सहीची खात्री करायची असेल तरीही नाही. आधारच्या किंवा दाखल्याच्या पीडीएफवर प्रश्नचिन्ह दिसते आणि ते हिरवे करून आणा असे कार्यालयात सांगतात, तेव्हा अडोबीचाच रीडर लावावा. तोही फुकट आहे आणि त्या कामात उत्तम आहे. पण लग्नातली मोठी डेग आहे म्हणून रोजचा चहा आपण तिच्यात करत नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांची काळजी कमी. उबुंटूमध्ये एव्हिन्स हा साधा वाचक वर्षानुवर्षे सोबतच येत असे. केडीईचा ऑक्युलर थोडा मोठा, पण गुणी. त्यात ओळींवर रंग देता येतो, टिपणे लिहिता येतात, अर्ज भरता येतात, डिजिटल सहीही तपासता येते. तो विंडोजवरही मिळतो. या ऑक्युलरला २०२२ मध्ये जर्मनीचे 'ब्लू एंजल' हे पर्यावरण प्रमाणपत्र मिळाले, आणि ते मिळवणारा तो पहिला संगणक प्रोग्रॅम ठरला. जुन्या यंत्रावरही नीट चालणारा प्रोग्रॅम नवे यंत्र घ्यायला लावत नाही, आणि जे फेकावे लागत नाही त्याचा कचराही होत नाही. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, टाळा असे आपण जेवणाच्या ताटाबद्दल मुलांना सांगतो. यंत्राबद्दलही सांगायला हरकत नाही.

आणि ज्याला महिन्यातून दोनदाच पीडीएफ उघडायची आहे, त्याने काहीच बसवू नये. क्रोम, एज, फायरफॉक्स हे तिन्ही ब्राउझर पीडीएफ उघडतात. फायरफॉक्समध्ये तर २०१३ पासून ही सोय अंगचीच आहे. फॉर्मच्या चौकटीही त्यांत भरता येतात. अडचण एवढीच, की ब्राउझर स्वतःच मोठा असतो. वीस टॅबच्या गर्दीत पुस्तक हरवते आणि टॅब चुकून बंद झाला की वाचन तुटते.

मोबाइलवरचा धोका

संगणकापेक्षा आपल्या लोकांचे वाचन मोबाइलवर जास्त आहे, आणि 'फुकट' या शब्दाची सर्वांत मोठी फसवणूक तिथेच आहे. कॅमस्कॅनर आठवत असेल. कागदाचा फोटो काढून पीडीएफ करणारे हे ॲप दहा कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत, जाहिराती दाखवणाऱ्या भागात, घातक कोड सापडला. गुगलने ते काही काळ प्ले स्टोअरवरून काढून टाकले. पुढे जून २०२० मध्ये भारत सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत तेही होते, पण ती वेगळी, राजकीय गोष्ट. इथे मुद्दा असा, की ॲप कामाचे होते, लोकप्रिय होते, आणि तरीही जाहिरातीच्या वाटेने नको ते आत आले. पीडीएफच्या नावाने प्ले स्टोअरवर जी शेकडो ॲप आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा धंदा याच वाटेवरचा आहे.

यावर उपाय आहे. अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्ह बहुधा आधीपासूनच असते आणि ते पीडीएफ उघडते. वेगळे ॲप हवे असेल तर म्यूपीडीएफ घ्यावे. लहान, जाहिरात नाही, खाते नाही. दिसायला अगदी रुक्ष. पण आपल्याला पुस्तक पाहायचे आहे, ॲप नाही. आयफोनवर तर काहीच टाकायची गरज नसते.

आणखी एक सांगते. "पीडीएफ लहान करा", "पासवर्ड काढून टाका" असे सांगणाऱ्या संकेतस्थळांवर आधार, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक चढवू नका. ती फाइल कोणाच्या तरी संगणकावर जाते आणि परत फक्त तिची प्रत येते. आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे आणि जन्मवर्ष. तो घातला की वर सांगितलेल्या कोणत्याही वाचकात फाइल उघडते. त्यासाठी कोणाच्या दारात जाऊ नये.

उर्दू आणि मराठीचे दुखणे

आपल्यासारख्या दोन लिप्यांत जगणाऱ्यांसाठी पीडीएफ ही नेमत आहे. वर्डमध्ये नस्तालीकमध्ये केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की फॉन्ट नसल्यामुळे अक्षरे नस्खमध्ये सरळ होतात, ओळी पुढे सरकतात, चार पानांची पाच पाने होतात. पीडीएफ आपल्या पोटात फॉन्ट घेऊन येते, म्हणून नुक्ता जिथे ठेवला तिथेच राहतो. मराठी जोडाक्षरांचेही तेच.

पण पुस्तक उघडल्यावर शब्द शोधायला जावे तर काही सापडत नाही, आणि लोक वाचकाला नावे ठेवतात. दोष वाचकाचा नसतो. उर्दूची कितीतरी पुस्तके इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांत जुळवलेली आहेत. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती लिहून नूरी नस्तालीक घडवली आणि कातिबाचा हात संगणकात आणला. ते मोठे काम होते. पण त्या जुन्या पद्धतीत पडद्यावर दिसते ते अक्षर आणि आत साठवलेले चिन्ह यांचा मेळ नसतो. मराठीतल्या जुन्या डीटीपी फॉन्टचे दुखणे हेच. वरून 'शाळा' दिसते, आत भलतीच रोमन अक्षरे असतात. युनिकोडमध्ये टंकलेल्या फाइलमध्ये हे बरेच कमी होते, तरी ऱ्हस्व वेलांटी कधी कधी शोधताना दगा देते. स्कॅन केलेले पुस्तक असेल तर ते निव्वळ चित्र. त्यात शोधायला अक्षरेच नसतात. तेव्हा महागडा प्रोग्रॅम घेतला की उर्दू शोधता येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. उपाय टंकणाऱ्याच्या हातात आहे. युनिकोड वापरा आणि मूळ फाइलही जपून ठेवा.

उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या पुस्तकाची आणखी एक अडचण. दोन पाने शेजारी ठेवून वाचायला गेले की उर्दू पुस्तकात पाने उलटी बसतात, आधीचे पान डावीकडे आणि नंतरचे उजवीकडे. एव्हिन्स आणि ऑक्युलर या दोन्हींत उजवीकडून डावीकडे वाचण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. उर्दू शाळेच्या ग्रंथालयात हे ठाऊक असायला हवे.

फुकट की मुक्त?

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सुमात्रा, एव्हिन्स, ऑक्युलर हे नुसते फुकट नाहीत, ते मुक्त आहेत. त्यांचा कोड उघडा आहे. जीपीएल नावाच्या परवान्याखाली कोणीही तो घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा. अट एकच, बदलून पुढे दिला तर त्याच अटींवर द्यायचा. स्वतःचे कुलूप लावायचे नाही.

हे वाचताना मला आपला एक जुना शब्द आठवतो, वक्फ. विहीर खणून वाकिफने ती वक्फ केली की ती त्याची राहत नाही, त्याच्या मुलांची होत नाही, विकता येत नाही. पाणी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याचे. "एकदा वक्फ, कायम वक्फ." उपमा पुरती लागू पडत नाही, हे मला माहीत आहे. विहीर एकच असते, कोडच्या हव्या तेवढ्या प्रती होतात. मुक्त प्रोग्रॅमसाठी कोणी पैसेही घेऊ शकतो, फक्त पुढच्याचे स्वातंत्र्य काढून घेऊ शकत नाही. पण वृत्ती तीच. आणि एक फायदा असा, की या वक्फवर अतिक्रमण करणे फार अवघड आहे! सदका-ए-जारिया म्हणजे मेल्यानंतरही चालू राहणारे पुण्य हे मदरशांत शिकवले जाते. पाणपोई, झाड, पुस्तक ही त्याची उदाहरणे. त्यात एक चांगला प्रोग्रॅमही जोडावा असे मला वाटते.

याची दुसरी बाजू जास्त टोचणारी आहे. आपल्या कित्येक संस्थांच्या संगणकांवर हजारो रुपयांचे पीडीएफचे संपूर्ण सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून टाकलेले असते. टाकणारा म्हणतो, "सगळेच टाकतात." वापरणाऱ्याला त्यातले फक्त वाचायचे काम येते. म्हणजे ज्याची गरज नाही ते चोरून आणायचे, त्याबरोबर व्हायरस आणायचा, आणि त्याच संगणकावर मुलांना अमानत आणि हलाल कमाईचे धडे दाखवायचे. मी मुफ्ती नाही, फतवा देणे माझे काम नाही. पण मुले आपल्या बोलण्यापेक्षा आपला पडदा जास्त पाहतात, हे कोणताही शिक्षक सांगेल. हलाल पर्याय फुकट उपलब्ध असताना चोरीचा आग्रह का?

हाच न्याय पुस्तकांना. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आपण मनमोकळेपणाने वाटू शकतो. बालभारती आपली पाठ्यपुस्तके मराठी, उर्दू आणि इतर माध्यमांत पीडीएफ म्हणून स्वतःच देते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेही आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर मोकळी ठेवली आहेत. आधी ही शिदोरी संपवू. हयात लेखकाचे नवे पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकणे मात्र त्याच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखे आहे. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकाच्या पुस्तकाच्या प्रती आधीच किती खपतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

काही जण म्हणतील, टीचर, एवढ्याशा गोष्टीवर एवढे लिहायचे? समाजापुढे शिक्षण, रोजगार, सुरक्षितता असे डोंगराएवढे प्रश्न आहेत. आहेतच. पण शिक्षणाचा प्रश्न शेवटी एका मुलीच्या हातात येतो तेव्हा तो एवढाच असतो, की आईचा मोबाइल रात्री नऊनंतर तासभर मिळतो, आणि त्या तासात धडा उघडतो की जाहिरात. तो तास वाचवणे आपल्या हातात आहे. त्यासाठी कोणाकडे निवेदन द्यायचे नाही, मोर्चा काढायचा नाही.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच. पुढच्या पालकसभेत दहा मिनिटे यासाठी ठेवा. मोबाइलवरची जादा पीडीएफ ॲप काढून टाकायला सांगा, गुगल ड्राइव्ह किंवा म्यूपीडीएफमध्ये फाइल कशी उघडायची ते दाखवा. शाळेच्या प्रत्येक संगणकावर सुमात्राची प्रत ठेवा, ती मात्र त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. मग कोणत्याही पीडीएफवर उजवी टिचकी मारून 'ओपन विथ'मध्ये सुमात्रा निवडा आणि 'ऑल्वेज' ठरवून टाका. खर्च शून्य, वेळ एक दुपार. शाळेतल्या ज्या मुलाला संगणकाची आवड आहे, त्याच्याकडेच हे काम सोपवा. ते करताना उघडा कोड म्हणजे काय हेही त्याला सांगा. उद्या त्यातलाच एखादा आपल्या नस्तालीकसाठी आणि आपल्या वेलांटीसाठी नीट शोधणारा वाचक लिहील. दरवाजा उघडाच आहे.